दिवसाचे दिवे पुढे, मागे मात्र अंधार

मोटारीच्या पुढील बाजूस भरदिवसा पांढरे दिवे पाहून 'लाइट चालू राहिला' असे खुणावणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात हे 'डे टाइम रनिंग लाइट' इंजिन सुरू होताच आपोआप लागतात. रस्ता उजळणे हे त्यांचे काम नाही. समोरच्याला गाडी दिसावी, एवढाच हेतू. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले, तर युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना हे दिवे बंधनकारक झाले. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामागेही हाच विचार आहे.

पार्किंग लाइट निराळा. त्याचा बल्ब सहसा अवघ्या पाच वॉटचा. युरोपातील नियमांनुसार दिवसाच्या दिव्याची तीव्रता किमान ४०० कँडेला हवी. पार्किंग लाइटला चारही पुरतात. म्हणून त्याच्या होल्डरमध्ये जादा वॉटचा बल्ब बसविण्याची हौस महागात पडते. उष्णतेने होल्डर वितळू शकतो.

खरा धोका मागच्या बाजूस आहे. अनेक गाड्यांत दिवसाचे दिवे लागले तरी मागचे लाल दिवे लागत नाहीत. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके दाटते. पुढे उजेड दिसतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे चालक स्विच फिरवीतच नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकचालकाला गाडी दिसत नाही. पार्किंग लाइटने मागचे दिवे लागतात खरे. पण धुक्यात चालत्या गाडीला तेवढे पुरत नाही, लो बीमवरील हेडलाइटच हवा.