सुरगाठ, निरगाठ आणि चिंचेचे झाड

फेब्रुवारी सरत आला की हिंगोली जिल्ह्यात चिंचा झोडायला सुरुवात होते. व्यापारी झाड उक्ते घेतो आणि त्याची माणसे येतात. त्यांतला अंगाने हलका गडी खोडाला हात लावून नमस्कार करतो आणि अनवाणी वर चढतो. कमरेला दोर असतो. वर पोचल्यावर तो दोर खाली सोडतो, खालचे लोक त्याला बांबू बांधून देतात, तो बांबू वर ओढून घेतो आणि झोडायला लागतो. कधी तोच दोर दूरच्या फांदीला अडकवून खालून हलवतात. दोर बांबूला बांधला जातो, फांदीला बांधला जातो. वर चढलेल्या माणसाला मात्र कोणी बांधत नाही.

जुनी चिंच पंधरा-वीस मीटर सहज जाते. दहा मीटरवरून सुटलेला माणूस दीड सेकंदात जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. खाली चिंचा गोळा करणाऱ्या बायका ओरडायच्या आत सगळे संपलेले असते. ज्या दोराने हे टळू शकते त्या दोराचा, त्याच्याबरोबरच्या पट्ट्याचा, कड्यांचा आणि गाठींचा हा परिचय आहे.

दोर ही मराठवाड्याला परकी वस्तू नाही. अंबाडीच्या आणि तागाच्या काड्या पाण्यात कुजत घालायच्या, साल सोलून वाख काढायचा, वाळवायचा आणि पीळ देत वळायचा, हे काम गावोगावच्या मातंग कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. घायपाताच्या वाखाचाही दोर होई. आणि नावे किती! बैल हाकायचा तो कासरा, दावणीला बांधायचे ते दावे, मोटेचा जाड तो नाडा, ओझ्यागाड्याला लागणारे ते चऱ्हाट. नाव वेगळे, कारण काम वेगळे आणि पीळ वेगळा. कासऱ्याने मोट ओढावी असे कुणाच्या मनातही येत नसे. हे शहाणपण मला फार मोलाचे वाटते, कारण झाडावर चढायचा दोर निवडताना नेमके तेच लागते.

आज वसमतला किंवा कळमनुरीला दोर घ्यायला गेलात तर दुकानदार तो किलोवर तोलून देतो. हिरवा, निळा, पिवळा, चकचकीत. सगळे त्याला नायलॉन म्हणतात, पण बऱ्याचदा तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो. गवताचे भारे आवळायला उत्तम. पण हा धागा उन्हाने कडक होऊन तुटू लागतो आणि साधारण एकशे पासष्ट अंशाला वितळतो. चढताना गाठ दोरावरून जोरात घसरली तर घासून तेवढी उष्णता निर्माण होऊ शकते. जीव टांगायचा दोर किलोवर घेऊ नये. तो मीटरवर मिळतो, आणि त्याच्या टोकाला कोणत्या मानकाचा आहे ते छापलेले असते.

या दोराची घडणच वेगळी. आत धाग्यांचा गाभा, बाहेर घट्ट विणलेले वेष्टण. भार मुख्यतः गाभा पेलतो आणि खरचटणे वेष्टण सोसते. काही झाडदोरांत जाड वेष्टणच बहुतेक भार घेते, म्हणजे विकत घेताना हेही विचारून घ्यावे. झाडाच्या कामाला साडेअकरा ते तेरा मिलिमीटर जाडी मुठीत नीट बसते. युरोपीय मानक ईएन 1891 मधल्या ‘ए’ प्रकारच्या दोराला, गाठ न मारता, किमान 22 किलोन्यूटन ताण सोसावा लागतो. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार, म्हणजे बावीसशे किलो. सत्तर किलोच्या माणसाला इतके कशाला, असे वाटेल. पण गाठ मारली की दोराची ताकद चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याने घटते, नायलॉन ओले झाले की आणखी थोडी जाते, आणि माणूस जरासा जरी पडून दोरावर झेलला गेला तर वजनाच्या कित्येक पट हिसका बसतो. बावीसशेचा आकडा एवढ्यासाठी असतो.

सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांमुळे पुण्या-मुंबईला चांगले साहित्य मिळते. मराठवाड्यातली मुलेही तिथून आणतात. पण कातळावर पडणाऱ्याला झेलायचा दोर लांबणारा असतो, हिसका पोटात घेणारा. तोच झाडावर वापरला तर प्रत्येक ओढीला तो ताणला जातो आणि माणूस जागच्या जागी झुलत राहतो. झाडाला कमी ताणाचा दोर हवा, आणि असा दोर हिसका सोसायला केलेला नसतो. म्हणून त्यात ढील ठेवायची नाही. दोराचा आधारबिंदू कायम डोक्याच्या वर, दोर कायम ताठ. हा नियम मोडला तर महागातला महाग दोरही उपयोगाचा नाही.

आता गाठ. आपल्याकडे लहान मुलालाही दोन गाठी ठाऊक असतात. एक सुरगाठ, ओढली की सुटते. दुसरी निरगाठ, ओढली की आवळते. झाडावर चढणाऱ्याला अशी गाठ लागते जी भार आला की निरगाठ होईल आणि हाताने सैल केली की सुरगाठीसारखी सरकेल. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने 1931 साली अशी गाठ मांडली. जाड दोरावर बारीक दोरीचे फेरे, बस. झाडकामातली ब्लेकची गाठ याच कुळातली. 1990च्या दशकात जेसन ब्लेक या अमेरिकी झाडकाम्यामुळे ती जगभर पसरली. त्याच्याही आधी हाइन्त्स प्रोहास्का याने ती मांडून ठेवली होती. ती दोराच्या शेपटानेच मारता येते, वेगळी वस्तू लागत नाही, म्हणून शिकणाऱ्याला मी तीच आधी सांगेन. आता याच कामाची लोखंडी-ॲल्युमिनियमची यंत्रेही निघाली आहेत. पण यंत्र अडले तर हाताला गाठ यायलाच हवी.

मांडणी अशी. दोर वरच्या भक्कम फांदीवरून टाकून दोन्ही टोके खाली घ्यायची. एक टोक पट्ट्याला बांधायचे, दुसऱ्या पदरावर ती सरकती गाठ मारून तीही पट्ट्याला जोडायची. वजन दोन पदरांत विभागले जाते, त्यामुळे निम्म्या ओढीत माणूस वर सरकतो. फांदीवरचे घर्षण थोडे ज्यादा मागते, ते वेगळे. दुसरी रीत एकाच स्थिर पदरावर चढण्याची. ती वेगवान आहे, पण तीत एक फसगत दडलेली आहे. दोर फांदीवरून नेऊन खाली बुंध्याला बांधला तर वरच्या फांदीवर माणसाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. ऐंशी किलोचा माणूस, फांदीला एकशेसाठ. म्हणून फांदी निवडताना मनगटाचे माप पुरत नाही. खोडाजवळ किमान दहा सेंटिमीटर जाड, जिवंत, पोकळी नसलेली आणि खोडाशी घट्ट जुळलेली फांदी पाहावी. चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबून तिची परीक्षा घ्यावी.

झाडांचे स्वभाव आपल्या लोकांना पुस्तकाशिवाय कळतात. चिंच चिवट. शेवगा दगाबाज, त्याच्यावर पोरालाही कोणी चढू देत नाही. गुलमोहर वादळात मोडतो. बाभळीला काट्यांचा प्रश्न. हे ज्ञान परदेशी पुस्तिकेत मिळणार नाही, आणि ते नसताना नुसता दोर आणला तर काम अर्धेच होते.

इतक्या उंचावरच्या फांदीवर दोर जातो कसा? आधी बारीक सुतळीसारखी दोरी जाते, टोकाला तीन-चारशे ग्रॅमची वजनदार पिशवी बांधून. ती नेमकी फेकायची, मग तिच्यामागून दोर ओढून घ्यायचा. ज्याने ज्वारीच्या माळ्यावरून गोफण फिरवली आहे त्याला नेम शिकवावा लागत नाही. एक काळजी घ्यावी. दोर सालीवर घासला तर झाडाला जखम होते आणि दोरही झिजतो. म्हणून फांदीवर कड्या असलेला पट्टा टाकून दोर त्या कड्यांतून न्यावा.

कमरेचा पट्टा, म्हणजे हार्नेस. बांधकामावर वापरतात तो पूर्ण अंगाचा, आयएस 3521 या भारतीय मानकाचा पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो. त्याची कडी पाठीशी असते. त्यात तासन्‌तास बसून काम होत नाही. झाडकामाचा पट्टा कमरेला आणि मांड्यांना रुंद आधार देतो, दोर पुढून जोडला जातो, बाजूंना दोन कड्या असतात. त्या बाजूच्या कड्यांना आखूड दोर जोडून तो खोडाभोवती फिरवतात. करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, एकदा मुख्य दोराने आणि एकदा या आखूड दोराने. पाते एका दोराला लागलेच तर दुसरा असतो. कॅराबिनर घ्यायचे ते तीन क्रिया केल्याशिवाय न उघडणारे, कारण फांदीचा दाब पडून साधा खटका उघडतो. आणि ते आडवे ताणले जाऊ देऊ नये. उभ्याने वीस किलोन्यूटन पेलणारी कडी आडव्याने सातच्या आसपास पेलते.

हे सगळे परदेशातले लाड आहेत असे कुणी म्हणेल. शेजारच्या तेलंगणात पाहा. 1956पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथले गौड समाजाचे लोक ताडावर-शिंदीवर चढून ताडी काढतात आणि पडून मरतात किंवा जन्माचे अपंग होतात. 14 जुलै 2024 रोजी रंगारेड्डी जिल्ह्यातल्या लष्करगुड्यात मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी त्यांना सुरक्षा साहित्याचे संच द्यायला सुरुवात केली. समाजाच्या दैवताच्या नावाने संचाला नाव दिले, काटमय्या रक्षा. गिर्यारोहकांच्या अनुभवाचा त्यासाठी उपयोग झाला. हा निर्णय मला मोठा वाटतो. पडणे हा या धंद्याचा भोग नाही, हे सरकारने त्यातून मान्य केले.

नारळासाठी केंद्राच्या नारळ विकास मंडळाने 2011पासून केरळात ‘नारळवृक्षाचे मित्र’ तयार केले. पायात अडकवायचे चढणयंत्र आणि प्रशिक्षण दिले. आपल्या कोकणातल्या पाडेल्यांनाही ते यंत्र ओळखीचे झाले. पण ते सरळ, फांद्या नसलेल्या खोडाचे. चिंच, आंबा, कडुनिंब पंधरा हातांनी पसरलेले असतात, तिथे ते चालत नाही. तिथे दोरच.

आणि दोर असला तरी काही झाडांवर चढूच नये. अकरा हजार व्होल्टची तार फांदीतून गेलेली असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय कोणीही हात लावू नये. ओला दोर आणि हिरवी फांदी दोन्ही वीज वाहून नेतात. एकट्यानेही चढू नये. खाली एक जाणकार हवा आणि त्याच्याजवळ दुसरा दोर. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्याचे रक्त पायात साकळते, मिनिटांत त्याची शुद्ध जाऊ शकते. त्याला ताबडतोब खाली आणणारा माणूस हाही साहित्याचाच भाग आहे. म्हणून हा लेख वाचून कोणी थेट झाडावर जाऊ नये. आधी शिकलेल्या माणसाच्या हाताखाली, जमिनीपासून दोन हात उंचीवर, सगळ्या गाठी आणि उतरणे घोटून घ्यावे.

घरी आणलेला दोर कोठ्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीशेजारी किंवा खताच्या पोत्यांवर टाकू नये. बॅटरीतल्या आम्लाची वाफही नायलॉन खाते आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक चढाईआधी सगळा दोर बोटांतून सरकवून पाहावा. कुठे मऊ पोकळी, कुठे कडक गाठ, कुठे वितळलेली चमक लागली तर तेवढा भाग कापून टाकावा. पट्टे आणि दोर न वापरताही दहा वर्षांपलीकडे ठेवू नयेत. पोळ्याला आपण बैलाची वेसण आणि कासरा नवा करतो, जुना चांगला दिसत असला तरी. तीच रीत इथे लावावी.

चढणारा गडी रोजंदारीवरचा असतो, त्याच्याच्याने हे साहित्य घेणे होत नाही. घ्यायचे ते झाड उक्ते घेणाऱ्या व्यापाऱ्याने, नाहीतर गावाने ग्रामपंचायतीत एक संच ठेवून. येत्या हंगामात झाडाचा सौदा करताना भावाबरोबर एवढे विचारा : वर चढणारा कशाला बांधलेला असेल? उत्तर आल्याशिवाय झाड देऊ नका.