संगणकातील बिघाडाचा पंचनामा

रस्त्यावर अपघात झाला की वाहने हलवण्यापूर्वी पंचनामा करतात. वाहने एकदा हलली की कोणते कोठून आले हे सांगणे अवघड होते. मोठ्या संगणकात बिघाड झाल्यावरही असाच पंचनामा करावा लागतो. त्याला 'डंप' म्हणतात. बिघाडाच्या वेळी संगणकाच्या स्मृतीत जे काही होते, त्याची ही जशीच्या तशी नक्कल असते. स्मृतीतील मजकूर क्षणोक्षणी बदलतो, म्हणून ही नक्कल ताबडतोब घ्यावी लागते.

बँकांसारख्या संस्थांत मेनफ्रेम नावाचे मोठे संगणक वापरतात. अनेक मेनफ्रेम प्रणाली जोडून त्या एकत्र चालवण्याची 'सिस्प्लेक्स' ही व्यवस्था आयबीएम कंपनीने १९९० साली आणली. तीत ३२ पर्यंत प्रणाली जोडता येतात. मात्र अशा जोडणीमुळे बिघाडाचा शोध कठीण होतो. समजा, 'क' प्रणालीवरील कार्यक्रमाला एका खात्याची नोंद हवी आहे. पण 'ख' प्रणालीने ती कुलूपबंद करून ठेवली आहे आणि सोडलेली नाही. 'क'वरील कार्यक्रम वाट पाहून बंद पडतो. बिघाड 'क'वर दिसतो, कारण मात्र 'ख'वर असते. केवळ 'क'चा डंप घेतला, तर कोणाची तरी वाट पाहणे चालू होते, एवढेच त्यातून कळेल.

मग सर्वच प्रणालींचा डंप का घेऊ नये? कारण सामाईक स्मृतीची नक्कल घेताना त्या प्रणालीवरील इतर कामे सहसा थोडा वेळ थांबवावी लागतात. 'क'चा दोष शोधण्यासाठी सगळ्या ३२ ठिकाणचे व्यवहार अडवणे परवडणारे नाही.

येथे 'एक्झिट रूटीन' उपयोगी पडते. कार्यप्रणालीच्या कामात काही ठिकाणे मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. तेथे आपण लिहिलेला छोटा कार्यक्रम बसवता येतो. यांपैकी एका ठिकाणाचे नाव 'आयईएएसडंप डॉट क्वेरी' असे आहे. 'क' आपल्या मागणीसोबत समस्येचे वर्णन पाठवते. आपल्या उदाहरणात ते म्हणजे कुलपाचे नाव. इतर प्रणालींवरील रूटीन ते वाचून पाहते, की या कुलपाशी आपला काही संबंध आहे का? नसेल तर तेथील डंप रद्द होतो. असेल तर डंप घेतला जातो, आणि पुढील टप्प्यांवरची रूटिने स्मृतीचे आणखी कोणते भाग हवेत ते सांगतात.

असे रूटीन लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, ज्या कुलपामुळे घोटाळा झाला त्याच कुलपासाठी रूटीनने थांबता कामा नये. नाहीतर पंचनामाच अडकून पडेल. दुसरी, रूटीनलाही चूक होऊ शकते. ते वारंवार कोसळू लागले, तर ठरावीक संख्येनंतर कार्यप्रणालीला ते निष्क्रिय करता येते.

संशय असेल तेव्हा उत्तर 'होय' असावे, असे आम्हांला वाटते. अनावश्यक डंपाने थोडा वेळ वाया जातो. पण चुकीच्या 'नाही'मुळे पुरावा कायमचा नाहीसा होतो, आणि तोच बिघाड पुन्हा होईपर्यंत कारण हाती लागत नाही. प्रयोगशाळेत न नोंदवलेल्या निरीक्षणाचेही असेच होते, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून सांगता येईल.