समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पडलेली घरे दिसतात, मोजता येतात. पोरांच्या मनाची पडझड तशी दिसत नाही. ती विचारावी लागते.

मी या खोऱ्यातला शिक्षक. नववीतला आमच्या वस्तीतला एक मुलगा शाळेला येईनासा झाला. मी त्याला तासभर उपदेश केला. तो मान खाली घालून बसला. दुसऱ्या खेपेस मी गप्प राहिलो, तेव्हा तो बोलला. वर्गात त्याला जातीवरून हिणवीत होते.

समुपदेशन म्हणजे आधी ऐकणे, ऐकलेले गुप्त ठेवणे आणि मुलाला स्वतःची वाट शोधू देणे. जीव देण्याची भाषा निघाली तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून पालकांना व डॉक्टरांना कळवलेच पाहिजे. टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान ठेवावे, असे निर्देश दिले. डोंगरातल्या शाळा लहान, म्हणून हे दुसरे कलम आपण मागून घेतले पाहिजे.

पण जखम समाजाने करायची आणि इलाज फक्त मुलाच्या मनावर, हा न्याय नव्हे. मुलाला धीर देणे हे अर्धे काम. हिणवणाऱ्या वर्गाला जाब विचारणे हे उरलेले अर्धे, आणि ते आपले आहे.