नवजात बाळाची आकडी

मेंदूतील पेशींचा एकमेकींशी संवाद विजेच्या सूक्ष्म संदेशांतून चालतो. हे संदेश एकाएकी बेसुमार सुटू लागले की आकडी येते. तिलाच फिट किंवा झटका म्हणतात. मोठ्या माणसाची आकडी सहसा नजरेतून सुटत नाही. माणूस कोसळतो, अंग ताठ होते, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो. जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळात असे चित्र जवळपास कधीच दिसत नाही. हजार जन्मांमागे साधारण १ ते ५ बाळांना या काळात आकडी येते, वेळेआधी जन्मलेल्यांत त्याहून जास्त. तरीही अनेकदा ती आकडी आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

चित्र असे वेगळे असण्याचे कारण मेंदूच्या अपुऱ्या वाढीत आहे. नवजात मेंदूतील तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण अजून पुरते चढलेले नसते. त्यामुळे विजेची लाट साऱ्या मेंदूभर एकाच वेळी पसरत नाही. ती एका भागात उठते आणि तिथेच राहते किंवा दुसरीकडे सरकते. मोठ्यांच्या मेंदूला शांत करणारे गाबा हे रसायन या वयात उलट पेशींना चेतवू शकते, म्हणून नेहमीची औषधेही कधी कधी कमी पडतात.

अशी आकडी ओळखायची तर बाळाचे डोळे आणि तोंड आधी पाहावे. नजर एका बाजूला खिळते, पापण्या फडफडतात, बुबुळे लयीत हलतात. भूक नसताना बाळ चोखल्यासारखे किंवा चघळल्यासारखे करते. पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, हात पोहल्यासारखे हलतात. सोबत श्वास अडखळणे किंवा ओठ निळसर पडणेही असू शकते. काही बाळांचा एकच हात वा पाय ठरावीक लयीत झटकत राहतो. हे सारे काही सेकंदांत किंवा मिनिटा-दोन मिनिटांत संपते, आणि ‘बाळ झोपेत हसतंय’ म्हणून सोडून दिले जाते.

उलट, प्रत्येक हालचाल म्हणजे आकडी नव्हे. मोठा आवाज झाला की बाळ दचकते, हात पसरते; ते स्वाभाविक आहे. गाढ झोपेत हातपायांना झटके येऊन जाग येताच थांबत असतील, तर तेही बहुधा निरुपद्रवी असतात. थरथर आणि आकडी यांतला फरक हाताने पडताळता येतो. थरथरणारा हात हलकेच धरून दुमडला की थरथर थांबते. आकडीचे झटके धरलेल्या हातातही जाणवत राहतात, आणि नजर बहुधा फिरलेली असते. मात्र थरथर रक्तातील साखर कमी झाल्याचीही खूण असू शकते, म्हणून ती वारंवार दिसली तर बाळ दाखवायलाच हवे.

जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे हे या आकडीचे सर्वांत मोठे कारण, आणि ती बहुधा पहिल्या दिवस-दोन दिवसांतच दिसते. मेंदूतील रक्तस्राव, मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग, रक्तातील कॅल्शियम किंवा साखर घसरणे ही इतर कारणे. यांतील साखरेचे कारण पुष्कळदा टाळता येण्यासारखे आहे. आपल्याकडे अजूनही काही घरांत नवजात बाळाला आधी मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात आणि अंगावर पाजणे लांबवतात. पहिल्या तासातच आईचे दूध मिळणे, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, मेंदूच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. काही आकड्या चयापचयातील आनुवंशिक दोषामुळे येतात. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात झालेल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. यांतलाच एक दुर्मीळ प्रकार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही आणि बी-६ जीवनसत्त्वाने थांबतो.

रुग्णालयात सर्वांत आधी साखर तपासतात, कारण ती लगेच भरून काढता येते. मग कॅल्शियम, संसर्गाच्या चाचण्या, डोक्याची सोनोग्राफी. औषधांत जुने फेनोबार्बिटोन आजही पहिल्या पसंतीचे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने शंभरातील ८० बाळांची आकडी दिवसभर थोपवली, तर लेव्हेटिरासिटॅम या दुसऱ्या औषधाने २८ बाळांची. औषधानंतर हातपाय शांत होतात, पण मेंदूतील विजेची खळबळ चालूच असू शकते. ती केवळ ईईजीत, म्हणजे मेंदूतील विजेच्या आलेखात कळते. म्हणून शक्य असेल तिथे ईईजी करावाच.

नवजात वयात आकडी आली म्हणजे अपस्मार जडला, असे नाही. साखर, कॅल्शियम किंवा संसर्गासारखे तात्कालिक कारण नसताना एका दिवसाहून जास्त अंतराने दोन आकड्या आल्या, तर सर्वसाधारणपणे अपस्मार म्हणतात. मात्र मेंदूला इजा झालेल्या बाळांपैकी काहींना पुढे तो होतो. तीन महिने ते वर्षभराच्या वयात बाळ उठता उठता पुनःपुन्हा पुढे झुकून हात झटकन पसरत असेल, तर तो पोटदुखीचा प्रकार समजू नये. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने १८४१ मध्ये स्वतःच्या मुलात नोंदवलेला तो अपस्मार असू शकतो, आणि त्याचे उपचार लांबले तर बाळाची वाढ खुंटते.

घरात आकडीची शंका आली तर बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. दुसऱ्या कुणी मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत आकडी थांबलेली असते. आकडी थांबली तरी बाळाला त्याच दिवशी, श्वास अडखळत असेल तर त्याच क्षणी, १०८ वर फोन करून रुग्णालयात न्यावे.