टाकीतील खरप्याची निगा

शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांत तळाच्या वाळूवर बसून राहणारा गोबी कुळातील लहान खरपा काचेच्या टाकीत पाळता येतो. तानसा अभयारण्यातून मात्र तो धरू नये. त्याचे पोटाखालील दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात व त्यांवर तो टेकतो. यास्तव तळाशी बारीक वाळू पसरून लपण्यास खापरी ठेवावी. टाकीतील खरपा पुष्कळदा उपासाने दगावतो. तरंगते कोरडे खाद्य तो सहसा घेत नाही. सायंकाळी गांडुळाचे तुकडे तळापर्यंत पोचवावेत. सोबतीचे बारीक मासे तो गिळतो, हे निराळे सांगावयास नको. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते. म्हणून तेथील नळाचे पाणी या माशास मानवेल असे समजू नये, कारण त्यात क्लोरिन असतो. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवूनच टाकीत घालावे आणि एका वेळी चतुर्थांशाहून अधिक पाणी बदलू नये.