भावी डॉक्टर मनाचा आजार ओळखणार कसा?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात एक मध्यमवयीन स्त्री येते. डोके जड वाटते, अंग दुखते, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही आणि पहाटे तीनलाच जाग येते, अशा तिच्या तक्रारी असतात. 'मन उदास आहे' असे ती म्हणत नाही; तसे म्हणण्याची आपल्याकडे रीतही नाही. नुकताच रुजू झालेला तरुण डॉक्टर रक्तदाब मोजतो, हिमोग्लोबिन तपासतो, ताकदीच्या गोळ्या आणि झोपेचे औषध लिहून देतो. पंधरा दिवसांनी ती पुन्हा त्याच तक्रारी घेऊन हजर होते. हे नैराश्य असू शकेल, ही शंका डॉक्टरच्या मनाला शिवतही नाही. यात दोष त्याचा किती आणि त्याने पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाचा किती, हा खरा प्रश्न आहे.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले होते. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरत नाही. त्यामुळे ही जबाबदारी साध्या एमबीबीएस डॉक्टरवर येते. १९८२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम याच गृहीतकावर उभा होता. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही सरकारी रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक मानसोपचाराचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पण नोकरीत आल्यावर जे शिकवायचे, ते महाविद्यालयातच का शिकवले गेले नाही?

वीस तासांचा विषय

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७च्या नियमांनुसार साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राच्या वाट्याला वीस तासांची व्याख्याने आणि दोन आठवड्यांचे प्रात्यक्षिक शिक्षण आले होते. हे दोन आठवडे बहुधा परीक्षेच्या तयारीत किंवा ग्रंथालयात जात, हे त्या काळातले विद्यार्थी आजही हसत हसत कबूल करतात. आंतरवासितेच्या वर्षातही हा विभाग ऐच्छिक होता. २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने हे चित्र बरेच बदलले. तास दुप्पट झाले, प्रात्यक्षिकाचे आठवडे दोनाचे चार झाले, आंतरवासितेतील दोन आठवडे सक्तीचे झाले आणि विद्यार्थ्याने आत्मसात करायच्या ११७ क्षमतांची यादी आली.

परीक्षेची घडी मात्र मोडली नाही. मनोविकारशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. वैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत त्वचारोगांच्या शेजारी त्याला जागा मिळते. या विषयात कच्चा असलेला विद्यार्थी अन्य प्रश्नांच्या बळावर सहज उत्तीर्ण होऊ शकतो. शेजारच्या श्रीलंकेत हा अंतिम वर्षाचा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. परीक्षेत नसलेले कोण वाचतो, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

ऐकण्याची तपासणी

हा विषय पाठांतराने येत नाही, ही त्याची दुसरी अडचण. येथे स्टेथोस्कोप नाही, क्ष-किरण नाही. रुग्णाचा पेहराव, नजर, बोलण्याचा वेग, विचारांची सांगड, भास, वेळ-स्थळाचे भान आणि आपण आजारी आहोत याची जाणीव हे सारे गप्पा मारता मारता टिपायचे असते. एकाग्रता पाहण्यासाठी शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या रुग्णाला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगणे अधिक न्याय्य ठरते. अमूर्त विचार जमतो का, हे म्हणीचा अर्थ विचारून कळते. 'नाचता येईना अंगण वाकडे' ऐकून रुग्ण अंगणाच्या उताराविषयीच बोलू लागला, तर विद्यार्थ्याने थबकायला हवे. मात्र ती म्हण रुग्णाच्या घरात बोलली जाते की नाही, हेही आधी पाहायला हवे. एवढे शिकायला रुग्णाजवळ बसावे लागते. दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गात ते शिकविता येत नाही.

ते कोठे शिकवावे, यालाही महत्त्व आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात १९३३ मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकार विभाग सुरू झाले. तो मोठा टप्पा होता. येरवडा किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयाची एक फेरी मारून परतलेल्या विद्यार्थ्याच्या मनात वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या रुग्णांचेच चित्र ठसते. मनोविकार म्हणजे एवढेच, असा त्याचा समज होतो. त्याच्या दवाखान्यात मात्र येणार असते ती डोके जड झालेली स्त्री.

अस्थिरोग विभागातही हे ज्ञान उपयोगी पडते. मांडीचे हाड मोडून दाखल झालेला, रोज दारू पिणारा माणूस तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो. 'वेड लागले' म्हणून त्याचे हातपाय बांधले जातात. प्रत्यक्षात दारू अचानक थांबल्याने उद्भवलेली ती जिवावर बेतू शकणारी अवस्था असते. योग्य औषधे आणि थायमिन वेळेत मिळाले, तर रुग्ण सावरतो.

विदर्भ-मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांत कीटकनाशक प्यायलेले शेतकरी येतात. पोट धुणे, अॅट्रोपिन, श्वासावर लक्ष हे सारे आंतरवासितेतील डॉक्टर रात्रभर जागून चोख करतो. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला घरी पाठवायची तयारी सुरू होते. 'अजून मरावेसे वाटते का?' हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात भरेल, अशी भीती असते. असे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट रुग्ण मोकळा होतो, असे संशोधन सांगते. पण हे वाक्य तोंडातून काढण्याचा सराव वॉर्डात कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावा लागतो.

हा सराव डॉक्टरांना स्वतःसाठीही हवा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये केलेल्या ऑनलाइन पाहणीत सुमारे २८ टक्के एमबीबीएस विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकार असल्याचे नोंदविले होते. वसतिगृहात शेजारच्या खोलीतला मित्र आठ दिवस व्याख्यानांना आला नाही, जेवायलाही उतरला नाही, तर त्याचे दार वाजवून काय विचारायचे, हे त्याच्या वर्गमित्रांना ठाऊक असायला हवे.