बेकरीची भट्टी, शेजाऱ्यांचा धूर आणि कायदा

मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणासंबंधीच्या जनहित याचिकेत ९ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या आदेशाने शहरातील बेकरी व्यवसायात मोठी खळबळ माजली. लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे यासाठी आधी एक वर्षाची मुदत धरली होती, ती न्यायालयाने सहा महिन्यांवर आणली. शिवाय लाकूड-कोळशाच्या नव्या बेकरीला व खानावळीला परवानगी देऊ नये, असेही बजावले. फेब्रुवारीत महापालिकेच्या नोटिसा निघाल्या. त्यात कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांचाही समावेश होता.

हा आदेश मुंबईपुरता आहे, आपल्याला काय त्याचे, असे भिवंडी, मालेगाव किंवा कोकणातील व्यवसायबंधू म्हणतील. या आदेशापुरते ते खरे आहे. पण धुराबाबतचा मूळ कायदा काही मुंबईपुरता नाही, आणि तो या आदेशाच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात आहे. मुंबईत तर धुराच्या उपद्रवाचा स्वतंत्र कायदा १९१२ सालीच झाला होता.

आपल्याकडे पुष्कळ बेकरीवाल्यांचा असा समज असतो की, नगरपालिकेचा परवाना भिंतीवर टांगला की भट्टी सुरक्षित झाली. परवाना असतो तो धंद्याचा. शेजाऱ्याच्या घरात धूर सोडण्याची परवानगी त्यात कुठेही लिहिलेली नसते. १८८२ च्या इझमेंट अॅक्टमध्ये, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात, जमीनमालकाकडे येणारी हवा इतरांनी गैरवाजवी रीतीने दूषित करू नये, हा त्याचा नैसर्गिक हक्क म्हणून उदाहरणादाखल दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेचे २७० वे कलम तर स्पष्टच सांगते की, सार्वजनिक उपद्रवामुळे कोणाची सोय किंवा फायदा होत असला तरी तेवढ्याने तो माफ होत नाही. तेव्हा "आम्ही गल्लीला रोज ताजा पाव पुरवतो" हे उत्तर तिथे चालत नाही.

सार्वजनिक उपद्रवाचा दंड किरकोळ आहे. खरा धाक आहे तो नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाचा, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ चा. लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला अपाय करणारा उद्योग बंद करण्याचा किंवा त्याला शिस्त लावण्याचा सशर्त आदेश दंडाधिकारी या कलमाखाली काढू शकतो. मालकाने तो आदेश पाळायचा, नाहीतर हजर राहून कारण दाखवायचे.

याच कलमाखालचे एका बेकरीवाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९७९ च्या निकालसंग्रहांत ते छापलेले आहे आणि प्रत्येक भट्टीमालकाने ते वकिलाकडून समजून घ्यावे असे आहे. बेकरीच्या चिमणीचा धूर आसपासच्या लोकांना अपायकारक आहे, असे दंडाधिकाऱ्याने स्वतः जागा पाहून ठरवले आणि भट्टी व चिमणी पाडण्याचा हुकूम दिला. प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा असल्यामुळे जागेवर जाऊन पाहणाऱ्याचे मत ग्राह्य धरणे सुरक्षित, असे म्हणून न्यायालयाने तो हुकूम कायम केला. मात्र त्याच जागी बेकरीचा धंदाच करू नये, हा हुकूमातला भाग न्यायालयाने मान्य केला नाही. उपद्रव होता तो भट्टी आणि चिमणीचा, पाव विकण्याचा नव्हे. आजच्या घडीला गॅसकडे वळण्याबद्दल जी भीती बोलली जाते तिच्यात हा फरक सहसा कोणी लक्षात घेत नाही.

"बेकरी आधी होती, इमारत नंतर आली" ही तक्रार मात्र अगदी पोकळ नाही. चार मजली चाळीच्या वर नेलेली चिमणी, शेजारी वीस मजली टॉवर उभा राहिला की सहाव्या-सातव्या मजल्याच्या खिडकीत धूर ओतू लागते. चूक बेकरीवाल्याची नसते. तरी एवढ्यावरून कायद्यात सुटका होईल अशी आशा धरणे शहाणपणाचे नाही.

धूर सर्वांत जास्त होतो तो भट्टी पेटवताना. भट्टी थंड असते, लाकूड ओले असते, जळण अर्धवट होते. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यातच साधारण ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे ओल्या लाकडाला दिलेल्या पैशाचा मोठा हिस्सा पाणी उकळण्यात जातो. त्यातून पेटवण्याची वेळ पहाटेची. हिवाळ्यात त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड व स्थिर असते, धूर वर न चढता गल्लीतच साचतो. भंगारातले लाकूड स्वस्त पडते खरे, पण रंग दिलेली दारे, प्लायवूड, सनमायका यांतील रंग आणि डिंक जळून जो धूर निघतो तो साध्या लाकडापेक्षा फार वाईट. पाव भाजायच्या भट्टीत असली लाकडे घालूच नयेत.

लाकडाला जिथे बंदी नाही तिथे निदान एवढे तरी करता येते : फोडून, छपराखाली कित्येक महिने सुकवलेले लाकूड वापरणे, चिमणी वेळोवेळी झाडून साफ ठेवणे आणि तिचे तोंड शेजारच्या खिडक्यांच्या वर नेणे. लग्नाच्या देगा उघड्यावर शिजवणाऱ्या बावर्चीबंधूंनाही हे लागू आहे. त्यांनी चूल वाऱ्याच्या दिशेने पाहून मांडावी आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता गॅसचा हिशेब. सुक्या लाकडात किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता धरली आणि एल.पी.जी.त ११,००० धरली, तर १०० किलो लाकडाची बरोबरी सुमारे ३२ किलो गॅस करतो, म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरपैकी पावणेदोन. प्रत्यक्षात गॅस कमी लागतो, कारण त्याची आच हवी तेव्हा कमी-जास्त किंवा बंद करता येते. लाकडाच्या भट्टीत मात्र बरीच उष्णता चिमणीवाटे निघून जाते. आपल्या वखारीचा दर आणि सिलिंडरचा चालू दर घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा. राख उपसणे, लाकूड फोडणे आणि साठवणे यांची मजुरी व जागा लाकडाच्या बाजूला जमेस धरायला विसरू नये.

अडचण आहे ती सुरुवातीच्या भांडवलाची. फिरत्या रॅकच्या नव्या ओव्हनला काही लाख लागतात. विजेच्या ओव्हनसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. जुन्या विटांच्या भट्टीला गॅसचा बर्नर बसवणे स्वस्त पडते, पण ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. सिलिंडरच्या साठ्याचा नियमही ध्यानात ठेवावा : १०० किलोपर्यंतच्या एल.पी.जी.ला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर, भरून ९५ किलो. सहावा ठेवलात की मर्यादा ओलांडली. अग्निशमन विभागाच्या अटी याशिवाय वेगळ्या. ज्या रस्त्यावर पाइपचा गॅस आला आहे तिथे साठ्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून ओव्हनची ऑर्डर देण्याआधी गॅस कंपनीकडे जोडणीची लेखी चौकशी करावी आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवावी. नोटीस आल्यास आपण बदलाच्या तयारीला लागलो आहोत, हे दाखवायला हाच कागद पहिला उपयोगी पडतो.